खुर्ची विकणे आहे, स्थिती वाईट

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला लिफ्ट नव्हती, आणि सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याने जिन्याशी उघड वैर धरलं होतं. वर येताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, कठड्याला हात लावून उभ्या राहायच्या, आणि कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "दम नाही लागला, जरा विचार करतेय." असा विचार करता करता एके दिवशी त्या दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसूनच राहिल्या, तेव्हा घर बदलायचं ठरलं. नवीन घर दोन गल्ल्या सोडून होतं. लिफ्ट होती, उजेड होता, पण आकार असा की एक माणूस आत आला की दुसऱ्याने अंग चोरून उभं राहावं. म्हणजे निम्म्याहून जास्त सामान विकणं आलं.

विकायचं काम सुनेकडे आलं. सून चष्म्याच्या दुकानात होती. लोकांचे नंबर तपासायची, काड्या सरळ करून द्यायची, भिंगं बसवायची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव ठेवलं होतं सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी. लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "मुलगी भिंगांच्या दुकानात काम करते आणि घटकाभर एका जागी ठरत नाही. म्हणजे ही भिंगरीच." अप्पा जाऊन काही वर्षं झाली, नाव मात्र टिकलं. भिंगरीचा नवरा पुलांच्या बांधकामावर लांब असायचा, महिन्यातून एखाददा घरी यायचा आणि फोनवरून मात्र रोज सल्ले द्यायचा. "उंटावरून शेळ्या हाकायचं त्याने बापाकडून नाही घेतलं, माझ्याकडून घेतलं," असं सासूबाई स्वतःच कबूल करत.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरीने प्रत्येक वस्तू पुसून, खिडकीपाशी ओढून तिचे फोटो काढले आणि जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर चढवले. तिथे प्रत्येक वस्तूची 'स्थिती' निवडायची असते. नव्यासारखी, उत्तम, चांगली, बरी, वाईट. भिंगरीने जगरहाटीप्रमाणे सगळीकडे 'उत्तम' निवडलं. फोन नंबर दिला सासूबाईंचा, कारण दुकानात गिऱ्हाइकासमोर फोन घेतलेला मालकाला खपत नसे.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. सासूबाईंनी उभी हयात एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला फोन लावला की त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा, गार पाण्यासारखा स्वच्छ. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांना फोन यायचे ते कर्जवाल्यांचे, नाहीतर चुकून. आता एकदम दिवसाला आठ-दहा माणसं विचारायला लागली. त्यांना जणू नोकरी परत मिळाली.

"फ्रिज ना? थंड करतो की. उत्तम करतो," असं त्या सांगायच्या. "फक्त मधूनच खाकरतो. म्हातारं माणूस चारचौघांत खाकरतं ना, तसं. घाबरायचं नाही. आणि भाजीच्या कप्प्याचं झाकण तुटलंय, मी वर ताटली ठेवते. ताटली मिळणार नाही."

भिंगरीने हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "आई, मी वर 'उत्तम' लिहिलंय. तुम्ही खाली सगळं काढून ठेवताय."

"ते तू लिहिलंस. मी ऑपरेटर आहे. माणसाला जिथे जायचंय तिथे बरोबर जोडून द्यायचा, एवढंच माझं काम. फ्रिज बघायला येऊन त्याने खाकरणं इथे ऐकायचं, तर आधीच ऐकू दे."

आणि गंमत अशी की सामान भराभर विकलं गेलं. येणारा माणूस सगळं ऐकून आलेला असे, त्यामुळे घासाघीस करायला त्याच्याकडे काही उरत नसे. फ्रिज गेला. एक पाय आखूड असलेलं जेवणाचं टेबल गेलं, पायाखालच्या पुठ्ठ्यासकट. काचेचं कपाट, सोफा, दोन ट्रंका गेल्या. घर रिकामं होत गेलं तसा बोलण्याचा आवाज भिंतींवरून परत यायला लागला.

राहिली ती एक खुर्ची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी असलेली, अप्पांची वेताची आरामखुर्ची. रुंद हातांची, गडद लाकडाची, दरवर्षी पॉलिश केलेली. सगळ्या सामानात देखणी तीच, फोटोत तर फारच उठून दिसली होती. तिच्यासाठी फोनही सगळ्यात जास्त येत होते, असं सासूबाईच सांगायच्या. पण बघायला कोणी येईना.

"लोकांना वेताची पारख राहिली नाही," असं म्हणून सासूबाई विषय संपवायच्या.

एके दिवशी दुकानातले दिवे गेले आणि मालकाने सगळ्यांना लवकर सोडलं. भिंगरी जिना चढून आली, दारात चपला काढायला वाकली, तर आतून सासूबाईंचा तो गार, स्वच्छ आवाज.

"खुर्ची आहे की. पण तुम्ही मुलासारखे म्हणून सांगते, घेऊ नका. दिसते छान, आत वाळवी आहे. हो, हो, आतल्या आत पोखरलीये. मागे एक पाहुणे बसले आणि थेट जमिनीवर. डॉक्टर आणावा लागला. ते आजतागायत लंगडतात. नका घेऊ. त्यापेक्षा फोल्डिंगची बघा एखादी."

भिंगरी चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. या घरात कोणी पाहुणा कधी पडला नव्हता. खुर्चीला वाळवी सोडा, मुंगीसुद्धा शिवली नव्हती. फ्रिजच्या खाकरण्यावर पांघरूण घालायला तयार नसलेली ही बाई, त्या खुर्चीवर मात्र इतकी बेधडक चिखलफेक करत होती की ऐकून हसू यावं. भिंगरीला हसू आलंही, पण तिने ते दाबलं. ती हळूच अर्धा जिना उतरली आणि पाय आपटत, किल्ल्या वाजवत पुन्हा वर आली.

"लवकर आलीस?" सासूबाईंनी फोन बाजूला ठेवत विचारलं.

"दिवे गेले. कोणाचा फोन होता?"

"राँग नंबर."

खुर्ची नव्या घरात मावत नव्हती, हे भिंगरीने टेप लावून दोनदा पाहिलं होतं. ठेवायची तर एक बाल्कनीच्या दारात नाहीतर पलंगाच्या उशाशी, म्हणजे दार तरी अडणार नाहीतर माणूस तरी. सासूबाईंनीच तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, "विकून टाका. मी म्हातारी झालेय, वेडी नाही झाले." एवढं बोलून बसलेल्या बाईला शब्द परत घेणं कसं जमावं? आणि भिंगरी ठेवू या म्हणाली असती, तर त्या उलट तिच्यावरच उखडल्या असत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "आई, खुर्चीची जाहिरात चुकलीये बहुतेक. 'उत्तम' लिहिलंय, म्हणून लोक उगाच फोन करून तुम्हाला पिडतात. स्थिती बदलून टाकू का? 'वाईट' करू?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून डाळ वाढून घेण्यात गर्क होती.

"कर," त्या सावकाश म्हणाल्या. "खरं ते लिहावं माणसाने."

"मग सांगा, काय काय लिहू?"

ताटं तशीच ठेवून दोघी फोनवर वाकून बसल्या. आधी सासूबाई जरा चाचरल्या. "कुरकुरते असं लिही." "किती कुरकुरते?" "बऱ्यापैकी." "बऱ्यापैकीला लोक भीत नाहीत आई. शेजारी जागे होतात लिहू?" "लिही. आणि बसताना वेगळी कुरकुरते, उठताना वेगळी, असंही लिही." मग त्यांना सूर सापडला. वाळवी आली, पडलेले पाहुणे आले, पाहुण्यांचं लंगडणं आलं. भिंगरीने आपल्या पदरचं घातलं की वेताला ओलसर वास येतो आणि हिवाळ्यात खुर्ची आपोआप हलल्यासारखी वाटते. "भुताटकी नको," सासूबाई म्हणाल्या, "त्याचे शौकीन असतात," आणि ते वाक्य खोडलं. शेवटी भिंगरीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'वेताची जुनी आरामखुर्ची विकणे आहे. स्थिती वाईट. घेणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी.' ऐकता ऐकता सासूबाई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. हे आपण कशासाठी करतोय, ते दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

फोन थांबले. खुर्ची खिडकीशी सुखात राहिली. सासूबाई रोज सकाळी तिला फडकं मारायच्या आणि शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून चहा प्यायच्या.

मग एका दुपारी भिंगरीला दुकानात लागोपाठ फोन आले. चौथ्यांदा तिने मालकाची नजर चुकवून मागच्या खोलीत जाऊन घेतला.

"अगं, एक माणूस खुर्ची घेतो म्हणतोय," सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच पार विस्कटला होता. "मी म्हटलं कुरकुरते, तर म्हणतो वा. मी म्हटलं शेजारी उठतात, तर म्हणतो किती लांबचे? जितकं वाईट सांगावं तितका खूश होतोय गं. उद्या येतोय."

"डोकं ठिकाणावर आहे ना त्याचं?"

"बोलायला तर सज्जन वाटला. तेच तर वाईट आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी भिंगरीने सुट्टी घेतली.

तो माणूस आला तो कोणाला ऐकूच आला नाही. जिना वाजला नाही, पाऊल वाजलं नाही, एकदम बेलच वाजली. दारात पन्नाशीचा, काटकुळा, मऊ तळव्यांचे बूट घातलेला गृहस्थ, खांद्यावर मोठी बॅग आणि गळ्यात हेडफोन. सासूबाईंना त्याने मावशी म्हटलं आणि आत येताना दार हळूच दोनदा उघडून-मिटून पाहिलं.

"बिजागरी छान आहे," तो म्हणाला. मग दोघींचे चेहरे पाहून त्याने आपला धंदा सांगितला. तो आवाज पुरवायचा. नाटकांना, चित्रपटांना, रेडिओला. पडद्यावर बाई दार लावते, ते दार याने लावलेलं असतं. नायक वाळूवरून चालतो, ती पावलं याची. आता एक नभोनाट्य चाललं होतं. त्यात एक म्हातारा होता, त्याला वाक्यं फारशी नव्हती, त्याचं सगळं बोलणं त्याच्या खुर्चीनेच करायचं होतं. "कधीपासून खुर्ची शोधतोय मावशी. सगळे लिहितात उत्तम स्थिती, नव्यासारखी. मला नव्यासारखी घेऊन काय करायचंय? तुमची जाहिरात वाचली आणि म्हटलं, शंभरातलं एक माणूस खरं लिहिणारं निघालं."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

आवाजवाल्याने बॅगेतून लांब दांडीचा माईक काढला, कानांवर हेडफोन चढवले आणि खुर्चीच्या कडेवर अलगद टेकला. उठला. पुन्हा टेकला. पाठ न टेकता पुढे झाला, मागे झाला. खुर्चीने चकार शब्द काढला नाही. त्याने हात दाबून पाहिले, खाली वाकून पाय पाहिले, नखाने लाकूड वाजवलं. मग हेडफोन उतरवून तो काकुळतीने म्हणाला, "राग मानू नका मावशी, पण जाहिरातीत लिहिलंय त्यापेक्षा ही खूपच चांगल्या स्थितीत आहे."

अशी तक्रार त्या ॲपवर आजवर कोणी केली नसेल.

"वाळवी कुठेय?" त्याने विचारलं.

"नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"आणि ते पाहुणे?"

"कोणी पडलं नाही."

"ते मी लिहिलं," भिंगरी मध्ये पडली. "माझी चूक आहे. मला वाटलं, जरा गंमत..."

"ती कशाला पांघरूण घालतेय," सासूबाईंनी तिला थांबवलं. "मी सांगितलं, तिने लिहिलं. मला खुर्ची विकायची नव्हती हो. म्हणजे, विकायची होती. पण जायला नको होती."

आवाजवाला दोन बस बदलून, एवढं ओझं घेऊन आला होता. त्याने चिडायला हरकत नव्हती. तो चिडला नाही. सोफा गेलेला असल्यामुळे तो पुस्तकांच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, "चहा मिळेल का?"

चहा घेताना सासूबाईंना राहवेना. आपण अगदीच खोटारड्या ठरलो हे त्यांना झोंबलं असावं. "एक सांगू का, कुरकुरणं खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे बसायचे तेव्हा घरभर ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरातून ओळखायची. आता पेपर उलटला, आता डोळा लागला, आता चहाची आठवण झाली. हे गेल्यापासून ती गप्प आहे."

"त्यांचं वजन जास्त होतं?"

"छे. तुमच्यासारखेच काटकुळे."

"मग बसायचे कसे?"

सासूबाईंनी आठवून पाहिलं. "डाव्या अंगावर रेलून. कायम. मी म्हणून म्हणून दमले, सरळ बसा, पाठीला बाक येईल. म्हणायचे, सवय झालीये."

आवाजवाल्याने कप खाली ठेवला. "दाखवाल बसून?"

भिंगरीला माहीत होतं की सासूबाई त्या खुर्चीत कधीच बसल्या नव्हत्या. अप्पा होते तेव्हा ती अप्पांची होती, ते गेल्यावर आणखीच त्यांची झाली. सासूबाईंची जागा शेजारच्या बुटक्या स्टुलावर. तिला वाटलं, आता त्या नाही म्हणतील, आणि आपणही माणसाला सांभाळून वाटेला लावू. पण सासूबाई उठल्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, गुडघा सांभाळत बसल्या, आणि कोणीही बसेल तशा सरळ मागे टेकल्या.

"आई गं," त्या ताडकन पुढे झाल्या. "काहीतरी टोचलं."

भिंगरीने पाठीच्या वेतावरून तळवा फिरवला. काही लागेना. "काही नाहीये आई."

"आहे. उजवीकडे. बरगडीपाशी."

भिंगरीने या वेळी तळवा जोर देऊन दाबला, आणि तिच्या हाताला टोक लागलं. तिने पर्समधून दुकानातली छोटी बॅटरी आणि भिंग काढलं आणि खुर्चीच्या पाठीमागे जमिनीवर बसली. वेत जिथे चौकटीला बांधला होता तिथे, आतल्या बाजूने, सुतार ज्याला चूक म्हणतात तसला एक बारीक खिळा वाकडा गेला होता. नुसतं पाहून कळलं नसतं, फडकं मारून तर नाहीच. माणूस सरळ टेकला आणि वेत दबला की तेवढ्यापुरता तो बाहेर यायचा. आणि त्या खिळ्याभोवती कसलीतरी पिवळट, कडक झालेली पुटकुळी होती. भिंगरीने भिंग जवळ नेलं. चिकटपट्टी होती. जखमेवर लावतात ती, कापडी. एकावर एक, कितीतरी थर, प्रत्येक थर कात्रीने नीट गोल कापलेला. वरचे थर झिजून टोक पुन्हा डोकं वर काढत होतं.

"आई," ती म्हणाली, "इथे पट्ट्या लावल्यात. खूप. जुन्या."

सासूबाईंनी मागे वळून, वाकून ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या.

"मी हॉस्पिटलातून पट्टीचे रोल आणायची, घरात असावेत म्हणून," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या. "इतके भराभर संपायचे. मी पोरावर डाफरायची, तू पतंगाला लावतोस म्हणून. तो रडून सांगायचा, मी नाही."

आवाजवाला खोक्यावर चुळबुळला, पण उठला नाही.

"ही मी करून घेतली होती," सासूबाई म्हणाल्या. "यांना बढती मिळाली तेव्हा. न सांगता. जादा पाळ्या केल्या, आणि सुट्टी असेल त्या दिवशी सुताराच्या डोक्यावर जाऊन बसायची. हे घरी आले, बघितली, बसले. मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, झकास. दरवर्षी पॉलिश केलं की मी विचारायची, कशी आहे हो? झकास." त्या थांबल्या. "पहिल्या दिवशी लागला असणार. पहिल्याच दिवशी. सांगितलं असतं तर सुताराने दोन मिनिटांत बदलून दिला असता."

"त्यांनी स्वतः का नाही काढला?" भिंगरीने विचारलं.

"काढला असता तर वेत सुटला असता. वेत सुटला असता तर मला कळलं असतं." आणि मग त्या चक्क हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच. "लबाड माणूस. मला वाटायचं, काय सुखात बसलाय. आणि तो बसलाय आपला एका कुशीवर, जीव मुठीत धरून."

भिंगरीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अप्पांना ती फार थोडी वर्षं ओळखत होती. पण डाव्या अंगाला कललेली त्यांची बसण्याची ढब तिला स्पष्ट दिसली, आणि तिलाही हुंदका आला.

थोड्या वेळाने सासूबाईंनी नाक पुसलं आणि आवाजवाल्याकडे वळून विचारलं, "तुमचं ते यंत्र चालू आहे?"

"नाही मावशी. तुम्ही बोलत होता तेव्हा बंद केलं."

"मग लावा."

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. या वेळी डावीकडे रेलल्या, सगळा भार त्या हातावर टाकून. आणि खुर्ची बोलली. लांब, खालच्या सुरात, शेवटी जरा वर चढणारी कुरकुर. आवाजवाल्याने डोळे मिटून घेतले. मग सासूबाईंनी त्याला सगळंच ऐकवलं. पेपर उलटताना होणारी बारीक टिकटिक. डोळा लागताना हळूहळू उतरत जाणारी. दचकून जाग आली की होणारी. आणि उठायच्या आधीची, जी ऐकून त्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायच्या. आवाजवाला प्रत्येक वेळी बोटाने खूण करायचा, पुन्हा, आणि त्या पुन्हा करायच्या. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्या कशा बसत असतील, ते भिंगरीला त्या दिवशी कळलं. चूक म्हणून व्हायची नाही.

"मला खुर्ची हवीच आहे," शेवटी आवाजवाला म्हणाला. "पण आता मागायला जीभ रेटत नाही."

सासूबाई खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिल्या.

"ठेवू या आई," भिंगरी म्हणाली. "करू काहीतरी. माझं कपाट काढू."

"नको. बघशील तेव्हा हसू येणार आणि रडूही येणार. दोन्ही करायला त्या घरात जागा नाही." मग आवाजवाल्याला म्हणाल्या, "न्या तुम्ही. पण खिळा काढू नका."

"काढतोय कसला. तो काढला तर डावीकडे कोण कलेल?"

"आणि ज्याला बसवाल त्याला आधी सांगा. बसल्यावर नाही, आधी."

त्याने शब्द दिला. कोपऱ्यावरून टेम्पो बोलावला, आणि भिंगरीने एका बाजूने धरून खुर्ची तीन जिने उतरवली. सासूबाई वर कठड्याशी उभ्या होत्या. या वेळी त्या खरोखरच विचार करत असाव्यात, कारण टेम्पो गेल्यावरही बऱ्याच वेळाने त्या आत आल्या.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. एका बशीवर कागदाची घडी घालता घालता सासूबाई एकदम म्हणाल्या, "भिंगरे, खरं सांग. माझं तुला काय टोचतं?"

"काही नाही. असं काय विचारता? सगळं छान आहे."

"हेच. हेच ते म्हणायचे."

भिंगरीने एक कप गुंडाळला, दुसरा घेतला. सासूबाई वाट बघत होत्या, फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस बोलेल म्हणून थांबावं तशा.

"खळ," भिंगरी अखेर म्हणाली.

"कसली खळ?"

"माझ्या दुकानाच्या कोटाला तुम्ही खळ घालता ती. फार कडक होते. कॉलर मानेला घासते. उन्हाळ्यात तर सालटं निघतं."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "आणि मी अख्ख्या बिल्डिंगला सांगते, माझ्या सुनेचा कोट बघा, पुठ्ठ्यासारखा उभा राहतो."

"म्हणून तर नाही बोलले."

"मान दाखव."

भिंगरीने केस बाजूला करून मान दाखवली. सासूबाईंनी तिथे बोट टेकवलं, च्च केलं, आणि पुन्हा गुंडाळायला लागल्या. मग जरा वेळाने, खाली बघूनच, म्हणाल्या, "मीही सांगू?"

"सांगा की."

"हा चष्मा. तू हौसेने करून आणलास ना दुकानातून. कानामागे दुखतं."

"मी विचारलं होतं, कसा बसतोय म्हणून. छान म्हणालात."

"म्हणाले."

भिंगरी पुढे सरकली. तिने सासूबाईंच्या कानावरचे पांढरे केस वर केले. कानामागे, काडीखाली, कापसाचा छोटा बोळा खोचलेला होता, आणि त्याच्याखाली कातडी लाल होऊन जाडसर झाली होती. रोज दहा अनोळखी माणसांच्या कानांमागे बघणाऱ्या भिंगरीने घरातल्या या कानामागे कधी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला आणि सासूबाईंची मायाही आली. तिने चष्मा काढून घेतला, वाटीत गरम पाणी ओतलं, काडीचं टोक त्यात बुडवून धरलं, पुसलं, आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून अगदी थोडं वाकवलं.

"एवढंच करायचं होतं?" सासूबाई चष्म्याशिवायच्या डोळ्यांनी तिच्या हातांकडे बघत म्हणाल्या.

"एवढंच."

तिने चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. "आता?"

सासूबाईंनी मान खाली घातली, वर केली, डावीकडे-उजवीकडे हलवली. ओट्याचा आधार घेऊन उभ्या राहिल्या, खिडकीपर्यंत गेल्या, खाली रस्त्यावर पाहिलं, परत आल्या.

"डाव्या बाजूला अजून जरा लागतंय," त्या म्हणाल्या.

भिंगरीने हात पुढे केला आणि चष्मा परत घेतला.